टाउनहॉलमध्ये "एआयमुळे", राजीनाम्यावर "वैयक्तिक कारण"

हिंजवडी_फेज२

मंडळी, पुण्यातल्या आयटीवाल्यांसाठी धागा काढतोय पण बाहेरच्यांनीही लिहा, बँकवाले, फॅक्टरीवाले, सगळे.

गेले कित्येक महिने ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या गेटवर मुलांना सोडताना एकच वाक्य कानावर पडतंय, एआयमुळे माणसं कमी करतायत. माझं म्हणणं आधीच सांगतो मग बाकीचं. जी कंपनी एआयमुळे माणूस काढतेय असं चारचौघांत म्हणते तिने ते त्या माणसाच्या हातातल्या कागदावर लिहून द्यावं. कोणतं काम गेलं, कुठल्या टूलने घेतलं, आधी ते किती जण करत होते आणि आता किती करतात. बस एवढंच.

आत्ता काय होतं, टाउनहॉलमध्ये, म्हणजे कंपनीच्या सगळ्यांच्या सभेत, मोठ्या पडद्यावर एआयच्या स्लाइड्स, टाळ्या, आणि पुढच्या आठवड्यात माणसाला मीटिंग रूममध्ये बोलावून पोर्टलवर राजीनामा टाकायला लावतात आणि ड्रॉपडाउनमधून कारण निवडायला सांगतात "वैयक्तिक". म्हणजे शेअरबाजाराला सांगायला कारण एआय आणि सरकारदरबारी कारण काहीच नाही, माणूस आपखुशीने गेला.

आमच्याकडचं सांगतो, कंपनीचं नाव विचारू नका. मी टेस्टिंगमध्ये आहे. एका अमेरिकन विमा क्लायंटचं रिग्रेशन टेस्टिंग (बदल केल्यावर जुनं सगळं नीट चालतंय ना हे तपासणं) आमची टीम करायची. टीममधले अर्ध्याहून जास्त लोक गेले, सांगितलं की आता जनरेटिव्ह एआय टेस्ट केसेस लिहिणार. टूल आलं हे खरं, थोडंफार चालतंही. पण गेलेल्यांपैकी एका मुलीला काही महिन्यांनी खराडीहून कॉल आला, त्याच क्लायंटने तिथे स्वतःचं सेंटर काढलंय आणि काम तेच, ॲप्लिकेशन तेच, रिग्रेशन टेस्टचा संच पण तोच जो तिने स्वतः लिहिला होता. मग एआयने नक्की काय घेतलं? काम बाणेरच्या पुलावरून खराडीला गेलं आणि नाव लागलं एआयचं.

तुमचे अनुभव लिहा. कंपन्यांची नावं आणि माणसांची नावं नकोत.

पिंपळे_सौदागर

डिलिव्हरीत आहे, क्लायंटशी दराची बोलणी करणाऱ्यांत बसतो म्हणून थोडं आतलं लिहितो.

आपला सगळा धंदा डोक्यांवर उभा आहे. अमुक माणसं, अमुक तास, अमुक रेट. क्लायंटचा करार नूतनीकरणाला येतो तेव्हा आता पहिला प्रश्न असतो की तुम्ही एआय वापरताय ना, मग त्यातली बचत आम्हाला किती देणार. तो सूट मागतो, टूलने खरंच तेवढं काम वाचतंय का हे आमच्यापैकी कुणी अजून मोजलेलंही नसतं, पण करार हातचा जाऊ नये म्हणून सेल्सवाला हो म्हणून येतो. मग कबूल केलेली सूट कुठून तरी काढायची असते, ती काढली जाते माणसांतून. म्हणजे एआयने काम केलं म्हणून माणूस गेला असं होत नाही, एआय काम करेल असं कुणीतरी विकलं म्हणून माणूस गेला, आणि राहिलेल्या चौघांनी सहा जणांचं काम रात्री बसून ओढलं की ती "एआय उत्पादकता" म्हणून क्लायंटच्या डॅशबोर्डवर दिसते.

आणि बाकीची कारणं कुणी बोलतच नाही. २०२१-२२ ची भरती आठवा. अमेरिकेत व्याजदर जवळजवळ शून्य, सगळ्यांना डिजिटल हवं होतं, एकट्या टीसीएसने त्या एका आर्थिक वर्षात निव्वळ १ लाखाच्या वर माणसं वाढवली. जुलै २०२३ पर्यंत तिकडचा व्याजदर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला, क्लायंटनी नवीन प्रोजेक्टना कात्री लावली. त्यात तिकडचा करकायदा, २०२२ पासून अमेरिकेबाहेर करून घेतलेल्या सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटचा खर्च १५ वर्षांत विभागून दाखवावा लागतो, २०२५ च्या जुलैत सवलत दिली ती फक्त देशातल्या देशात केलेल्या कामाला. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच१बी (तिकडच्या नोकरीचा व्हिसा) अर्जावर १ लाख डॉलर फी. आणि तुम्ही म्हणालात तसं जीसीसी, म्हणजे परदेशी कंपन्यांनी इथे काढलेली स्वतःची सेंटरं, आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉमच्याच २०२४ च्या आकड्यांप्रमाणे देशात १७०० च्या वर सेंटरं आणि १९ लाख माणसं. ही पाच कारणं एकत्र येऊन माणसाला घरी पाठवतात आणि पाचातलं एकही टाउनहॉलच्या स्लाइडवर नसतं.

कोडगिरी

दोघांचं वाचलं, बरंचसं पटलं पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो राग मानू नका. एआय हे नुसतं निमित्त आहे असं आपण एकमेकांना सांगत राहिलो तर आपणच आपलं नुकसान करतोय.

मी रोज ही टूल्स वापरतो. युनिट टेस्ट लिहिणं, जुन्या कोबॉल भाषेतल्या कोडचं डॉक्युमेंटेशन, लॉगमधून एरर शोधणं, सपोर्टच्या एल१ तिकिटांना (पहिल्या पातळीच्या तक्रारींना) पहिलं उत्तर, एका फ्रेमवर्कमधून दुसऱ्यात कोड नेणं, ही कामं खरोखर कमी माणसांत होतात आता. आधी ज्या कामाला ज्युनिअरला बसवायचो ते मी चहा येईपर्यंत उरकतो. अमेरिकेतल्या सेल्सफोर्स कंपनीच्या मार्क बेनिऑफनी सप्टेंबर २०२५ ला उघड सांगितलं की कस्टमर सपोर्टमधली माणसं ९ हजारांवरून साधारण ५ हजारांवर आणली. ते खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतले पगाराचे आकडे तपासले तर ज्या कामांना एआयचा जास्त धक्का आहे तिथे २२ ते २५ वयाच्या मुलांची नोकरी तुलनेने १३ टक्के घटली, त्याच कामातल्या मोठ्या वयाच्या लोकांची तशी नाही.

उलट बाजूही सांगतो म्हणजे मी विकायला बसलोय असं वाटायला नको. २०२५ मध्येच मेटर नावाच्या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर घेऊन प्रयोग केला, स्वतःच्या ओळखीच्या कोडवर काम, एआय वापरून त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला आणि त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपण २० टक्के लवकर केलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण मॅनेजर लोक आम्हाला विचारूनच आकडा लिहितात, किती वाचला वेळ, आणि आम्ही अंदाजाने सांगतो.

तेव्हा काम जातंय. कुठलं आणि किती याचा हिशोब कुणाकडे नाही.

हिंजवडी_फेज२

कोडगिरी, मला हेच तर म्हणायचंय. एआय थोतांड आहे असं मी कुठेच लिहिलं नाही. काम गेलं असेल तर दाखवा, लिहा. जिथे खरंच गेलंय तिथे माणसाला निदान कळेल की आपल्याला दुसरं काहीतरी शिकायला हवं, आणि जिथे गेलेलं नाही तिथे त्याच्या मनावर जे ओझं बसतं की मी कालबाह्य झालो, मशीन माझ्यापेक्षा बरी, ते तरी बसणार नाही. माझ्या टीममधला पंचेचाळिशीचा माणूस, उत्तम टेस्टर, विम्याचे नियम तोंडपाठ, तो आता मुलाखतीत स्वतःहूनच म्हणतो की माझं काम एआयने घेतलं. त्याचं काम खराडीला गेलंय हो. त्याला कोणी सांगितलंच नाही, आणि म्हणून तो तिथे अर्जही करत नाही, पायथनचे कोर्स करत बसलाय.

डेक्कनचा_शऱ्या

+१ धाग्याला. आमच्या इथेही सेम, राजीनामा नाही टाकला तर रिलीव्हिंग लेटर आणि रेफरन्स खराब करू असं सांगतात. तोंडी. कधीच लिहून नाही.

मनुष्यबळ_खातं

मी एचआरमध्ये आहे, इथे लिहू की नको विचार करत होते. लिहिते.

यादी कशी बनते ते सांगते, मी ज्या बैठकांत बसले त्यावरून. सगळ्यात आधी फायनान्सकडून रक्कम येते, माणसांचा आकडा नाही, रक्कम, या तिमाहीत पगारखर्च एवढ्याने खाली. मग एक्सेल उघडतं. कॉलम असतात बिलिंग आहे का, बेंचवर म्हणजे प्रोजेक्टशिवाय कधीपासून, पगार त्या ग्रेडच्या सरासरीपेक्षा वर का खाली, गेल्या दोन वर्षांचं रेटिंग, शिफ्टिंगला तयार आहे का. वरच्या पगाराची आणि मधल्या पातळीची माणसं पहिली वर येतात कारण तीन ज्युनिअरच्या जागी एक सीनिअर काढला की रक्कम भरते. त्या शीटमध्ये एआय नावाचा कॉलम मी अजून पाहिलेला नाही. एआय हा शब्द त्यानंतर येतो, कम्युनिकेशन टीम जेव्हा मेल लिहायला घेते तेव्हा. कारण मागणी कमी झाली लिहिलं तर गुंतवणूकदार घाबरतात आणि एआयमुळे लिहिलं तर कंपनी पुढचा विचार करतेय असं वाटतं.

राजीनामाच का घ्यायचा तर काढलं म्हटलं की नोटीस, भरपाई, कामगार खात्याला कळवणं सगळं आलं. राजीनाम्यात त्यातलं काही नाही. ही पद्धत एआयच्या आधीची आहे. २०१७ मध्ये टेक महिंद्रातली ती ऑडिओ क्लिप आठवत असेल, एका मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत राजीनामा दे म्हणून सांगत होते, आनंद महिंद्रांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली होती. तेव्हा कारण कॉस्ट होतं.

टेबलच्या या बाजूलाही झोप लागत नाही एवढं नक्की सांगते. ज्यांची लग्नं आम्ही ऑफिसात केक कापून साजरी केली त्यांना तो ड्रॉपडाउन मी दाखवलाय.

सदाशिव_७७

मी निवृत्त बँक कर्मचारी. मुलगा आणि सून दोघेही आयटीत असल्याने धागा बारकाईने वाचला.

तुम्हा मुलांना वाटतं की यंत्र येऊन माणूस जाणं हे तुमच्याच पिढीला आलं. आमच्याकडे संगणक आला तेव्हा आम्हीही संप, मोर्चे, काळ्या फिती सगळं केलं आणि त्याबद्दल लोक आजही आम्हाला नावं ठेवतात. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. १९८३ साली इंडियन बँक्स असोसिएशन आणि युनियन यांच्यात लेखी करार झाला. किती यंत्रं, कुठल्या कामाला, कुठल्या शाखांत, हे कागदावर आलं. मग १९८४ ला बँकांच्या संगणकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल, मग शाखांतून लेजर पोस्टिंगची, खातेवहीत नोंदी करणारी ती यंत्रं. आमच्या शाखेत यंत्र आलं तेव्हा ते कुठल्या खात्यांसाठी आहे हे शिपायालासुद्धा माहीत होतं. पुढे २००० साली स्वेच्छानिवृत्ती आली, सरकारी बँकांतून १ लाखाच्या वर लोक बाहेर पडले. तेव्हासुद्धा अट काय होती, १५ वर्षं नोकरी किंवा वय ४०, आणि दर पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या नोकरीचा पगार यात जे कमी ते. माणसाला घरी बसून बायकोबरोबर हिशोब मांडता येत होता, जाऊ की राहू. माझ्या शेजारच्या काउंटरवरचे दोघे गेले, मी राहिलो, तिघांनीही विचार करून ठरवलं.

सुनेला दुपारी ३ वाजता बोलावलं आणि ५ वाजता तिचा लॅपटॉप बंद झाला. ती घरी आली तेव्हा तिला स्वतःलाच सांगता येईना की नक्की का. मला राग त्याचा आहे. नोकरी जाण्याचं दुःख आहेच हो, पण कारण न सांगता घालवणं ही माणसाची बेअब्रू आहे.

कोडगिरी

सदाशिवकाका, नमस्कार. ६० दिवसांचं मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे काही ठिकाणी तीन महिन्यांचा पगार देतात आणि उपकार केल्यासारखा मेल येतो.

वाकड_डबेवाली

मी आयटीत नाही. वाकडला माझा डब्यांचा व्यवसाय आहे, तीन बायका पोळ्यांना, एक मुलगा गाडीवर. माझ्याकडे जी मुलं जेवतात ती बहुतेक टेस्टिंग, सपोर्ट अशाच कामातली, बार्शीची, लातूरची, जळगावची. महिनाअखेरीला मेसेज येतो काकू उद्यापासून डबा बंद, गावी चाललोय. कधी कळतं नोकरी गेली कधी कळत नाही. शेजारच्या पीजीत तिघांच्या खोलीत एक जण राहतोय आणि मालक भाडं कमी करायला तयार नाही. तुम्ही लोक कारण एआय का जीसीसी यावर बोलताय ते महत्त्वाचंच आहे, पण माझ्या पोळ्यावाल्या बाईला मी काय कारण सांगू, तिचे दोन तास कमी केले मी. तिच्या मुलीचं कॉलेज आहे.

एका मुलाने गेल्या महिन्याचे पैसे द्यायचे राहिलेत म्हणून लातूरहून फोन करून माफी मागितली. मी म्हटलं नोकरी लागली की दे, जेवणाचा हिशोब मी धरून ठेवत नाही.

नुकतीच_पासआऊट

ताई तुमचं वाचून घशात आवंढा आला. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, गेल्या वर्षी पास. ऑफर लेटर आहे, जॉइनिंग डेट दोनदा पुढे गेली. आता मेल येतो की तुमची एआय रेडीनेस असेसमेंट घेऊ मग कळवू. ती परीक्षा पण दिली. बाबांनी कॉलेजच्या फीसाठी कर्ज काढलंय त्याचा हप्ता सुरू झाला. मला कुणी काढलेलं नाही कारण मला कुणी घेतलंच नाही, मग माझ्यासारख्यांचा आकडा कुठे धरतात? दादा, तुमच्या त्या कागदात माझं नाव कुठे बसतं?

पिंपळे_सौदागर

कुठेच बसत नाही, आणि सगळ्यात मोठा आकडा तिथेच दडलाय. चालू माणूस काढायला कंपनीला त्रास होतो, बातमी होते. न घेतलेल्या मुलांची बातमी होत नाही. खालून भरती थांबवली आणि दरवर्षी जे आपणहून सोडून जातात त्यांच्या जागा भरल्या नाहीत तर दोन वर्षांत टीम निम्मी होते आणि एकही माणूस "काढलेला" नसतो. बाळा, एक सांगतो, ऑफरच्या भरवशावर दुसरे अर्ज थांबवू नकोस, खराडी आणि मगरपट्ट्याच्या जीसीसींचे करिअर पेज रोज बघ आणि इंटर्नशिप लहान प्रॉडक्ट कंपनीत मिळाली तरी घे.

शिवाजीनगर_वकील

कामगार कायद्याची प्रॅक्टिस करते, उशिरा वाचला धागा. थोडं सविस्तर लिहिते कारण या विषयात अफवा फार आहेत. प्रत्येकाची केस वेगळी असते, हे सर्वसाधारण समजा.

पहिली अफवा, आयटीवाल्यांना कामगार कायदा लागू नाही. चूक. हुद्द्यात मॅनेजर लिहिलं म्हणून कुणी मॅनेजर होत नाही, कोर्ट रोजचं खरं काम बघतं. तुम्ही स्वतः टेस्ट लिहिता, कोड लिहिता, तिकिटं सोडवता, कुणाची रजा मंजूर करत नाही, कुणाला नेमत किंवा काढत नाही, तर तुमचं काम तांत्रिक आहे आणि तांत्रिक कामाला पगाराची वरची मर्यादा नाही. १८ हजारांची मर्यादा आहे ती पर्यवेक्षकी कामाला. २०२२ मध्ये चेन्नईच्या कामगार न्यायालयाने एका मोठ्या कंपनीतून २०१५ ला काढलेल्या आयटी इंजिनिअरला कामगार मानून परत घ्यायला सांगितलं. सात वर्षं गेली त्याची, ते दुःख आहेच, पण कायदा कुठे उभा आहे ते दिसतं.

दुसरं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. छाटणी केली तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, नोटिशीत कारण लिहिलेलं हवं, दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, हे जुन्या कायद्यातलं नव्यातही आहे. नवीन म्हणजे पुनर्कौशल्य निधी, कंपनीने छाटणी झालेल्या प्रत्येक कामगारामागे १५ दिवसांच्या शेवटच्या पगाराएवढी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. आणि वर्षाच्या आत तीच जागा परत भरायची झाली तर आधी काढलेल्याला विचारायचं. हिशोबाचे पैसे दोन कामाच्या दिवसांत, हे मात्र राजीनाम्यालाही लागू आहे.

आता बघा, नोटीस, कारण, भरपाई, निधी, परत बोलावणं, यातलं सगळं तुम्ही "वैयक्तिक कारण" निवडलं की हातातून जातं. म्हणून धागाकर्त्यांचा मुद्दा मला नुसता नैतिक वाटत नाही, पैशाचा आहे. कारण लिहिलेलं नसेल तर वर्षाच्या आत तीच जागा भरली हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणणार?

मनुष्यबळ_खातं

वकीलताई, माणूस मीटिंग रूममध्ये असताना एकटा असतो, समोर आम्ही तीन जण. त्याने त्या क्षणी काय करावं?

शिवाजीनगर_वकील

काही टाइप करू नये. मला घरी बोलून ठरवायचंय, कृपया जे म्हणताय ते मेलवर पाठवा, एवढं म्हणून उठावं. ओरडू नये, वाद घालू नये. घरी आल्यावर त्याच दिवशी एचआरला मेल लिहावा, आज अमुक वाजता अमुक खोलीत मला राजीनामा द्यायला सांगितलं, कारण एआयमुळे काम कमी झालं असं सांगण्यात आलं, मी राजीनामा देऊ इच्छित नाही, काम करायला तयार आहे. मराठीत लिहिला तरी चालतो. आणि ज्यांनी दबावाखाली आधीच राजीनामा दिलाय त्यांनीही लगेच, जितक्या लवकर तितकं चांगलं, तो मागे घेत असल्याचा मेल टाकावा. उशीर झाला की आपखुशीने दिला असं मानणं कोर्टाला सोपं जातं.

डेक्कनचा_शऱ्या

हे कुणीतरी धाग्याच्या वर चिकटवा प्लीज.

भोसरी_एमआयडीसी

आमच्या कारखान्यात रोबो आले वेल्डिंगला तेव्हा युनियनने आधी यादी मागितली, कुठला स्टेशन, कधी, त्यावरची माणसं कुठे जाणार. भांडणं झाली, पण बरेचसे लोक पेंट शॉप आणि क्वालिटीत गेले. युनियन नसती तर आम्हालाही सकाळी गेटवरच कळलं असतं. तुम्ही आयटीवाले युनियन म्हटलं की दूर पळता, आमच्या पोरांनाच इंजिनिअर केलंय आम्ही म्हणून बोलतो. पुण्यात नाइट्स आहे, फाइट आहे, आयटीवाल्यांच्याच संघटना, सभासद तरी व्हा.

पिंपळे_सौदागर

नाइट्सवरून आठवलं. टीसीएसने २०२५ च्या जुलैत २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार सांगितलं, मधल्या आणि वरच्या पातळीवरची. त्यांचे सीईओ कृतिवासन तेव्हा म्हणाले की हे एआयच्या उत्पादकतेमुळे नाही, कौशल्य जुळत नाही आणि नेमणूक करता येत नाही म्हणून. नाइट्सने नंतर मुख्यमंत्र्यांना पत्र दिलं की एकट्या पुण्यात अडीच हजार जणांना राजीनामे द्यायला लावले, कंपनीने तो आकडा नाकारला. खरं कोणाचं हे तपासायला तिसरा कागदच नाही. ॲमेझॉनने ऑक्टोबर २०२५ ला १४ हजार जण कमी केले, पहिल्या निवेदनात एआयचा उल्लेख, मग दोन-तीन दिवसांत त्यांचे सीईओ जॅसी म्हणाले की हे पैशासाठीही नाही आणि सध्यातरी एआयमुळेही नाही, संस्कृतीचा प्रश्न आहे. स्वीडनच्या क्लार्ना या पेमेंट कंपनीने सांगितलं होतं एआय ७०० एजंटांचं काम करतोय, २०२५ मध्ये त्यांनीच परत माणसं घ्यायला सुरुवात केली कारण सेवेचा दर्जा उतरला. आज एक कारण उद्या दुसरं. लेखी असतं तर असं फिरवता आलं नसतं.

हिंजवडी_फेज२

मला यातूनच एक सुचलंय आणि ते ठोस आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने मार्च २०२५ पासून सामूहिक छाटणीच्या नोटिशीच्या फॉर्मवर एक चौकट घातली, तांत्रिक बदल किंवा ऑटोमेशनमुळे होतेय का, हो किंवा नाही. पहिल्या काही महिन्यांत शेकडो कंपन्यांच्या नोटिसा आल्या आणि एकीनेही हो वर खूण केली नाही असं बातम्यांत आलं. आणि तिकडचीच चॅलेंजर नावाची फर्म छाटण्यांच्या घोषणा मोजते, २०२५ मध्ये साधारण १२ लाख, त्यात कंपन्यांनी एआयचं नाव घेतलेल्या ५५ हजारांच्या आसपास. बोलताना एआय, सहीची वेळ आली की नाही.

आपण महाराष्ट्राच्या कामगार विभागाकडे हीच चौकट का मागू नये? अर्जात एवढंच: छाटणी असो की सामूहिक राजीनामे, कंपनीने तंत्रज्ञान हे कारण आहे की नाही ते लिहावं, असेल तर कुठलं काम, आणि वर्षभरात तेच काम दुसरीकडे कुठे सुरू झालं का. वकीलताई, हे कुणाकडे द्यायचं?

शिवाजीनगर_वकील

पुण्याच्या कामगार उपायुक्तांकडे द्या, प्रत कामगार मंत्र्यांच्या कार्यालयाला. आवक शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. मसुदा मी बघून देते, फी नाही. त्यात सामूहिक राजीनाम्यांचा मुद्दा वेगळा मांडा कारण कायद्यात त्याला आज नाव नाही. एका महिन्यात एका कंपनीतून एवढ्या टक्क्यांच्या वर राजीनामे आले तर खात्याने आपणहून विचारणा करावी, असं मागा.

नुकतीच_पासआऊट

त्यात ऑफर देऊन न घेतलेल्यांचाही रकाना घाला ना दादा. टाइप मी करून देते, मराठी टायपिंग येतं मला.

हिंजवडी_फेज२

घालतो. तूच टाइप कर. तुझी जॉइनिंगची सगळी मेल्स तारखेप्रमाणे लावून ठेव, जोडपत्र म्हणून लागतील.

वाकड_डबेवाली

मसुदा बसून करायचा असेल तर रविवारी दुपारी माझ्या इथे या, जागा आहे, जेवण मी करते. आयटीतलेच यायला पाहिजेत असं नाही ना?

हिंजवडी_फेज२

काकू, तुम्ही तर हवंच. पोळ्यावाल्या ताईंनाही बसवा, कमी झालेले तास अर्जात लिहू.

सदाशिव_७७

मी येतो. १९८३ चा करार कसा लिहिला होता ते सांगेन, युनियनच्या जुन्या परिपत्रकांची फाइल घरी आहे.

डेक्कनचा_शऱ्या

एक प्रश्न वकीलताईंना, रविवारी येताना काय काय आणायचं? ऑफिसचे मेल फॉरवर्ड केले तर डेटा पॉलिसीत अडकवतील अशी भीती घालतात.

शिवाजीनगर_वकील

स्वतःचं तेवढंच. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, रेटिंगची पत्रं, राजीनाम्याबद्दल तुम्हाला आलेला आणि तुम्ही पाठवलेला मेल. टाउनहॉलचं निवेदन कंपनीने वेबसाइटवर किंवा शेअरबाजाराला दिलं असेल तर त्याची प्रिंट, ती सार्वजनिक आहे. क्लायंटचा डेटा, कोड, डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट यातलं काहीही नाही, एकही नाही. आणि ज्यांना उद्या मीटिंगचं इन्व्हाइट आलंय विषयाशिवाय, त्यांनी आज रात्रीच पगाराच्या स्लिपा उतरवून घ्या, पोर्टल बंद झालं की मागायला फार फिरावं लागतं.